बिघडलेला ट्रॅक्टर : दुरुस्त करावा की विकावा?

गळीत हंगाम संपत आला की आपल्या कार्यक्षेत्रातील गॅरेजांपुढे जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागते. कोणाचे इंजिन बसलेले, कोणाची क्लच प्लेट गेलेली, कोणाचा गिअरबॉक्स आवाज करू लागलेला. चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या ओढून यंत्र थकलेले असते आणि मालकही थकलेला असतो. अशा वेळी घरोघर एकच प्रश्न निघतो, "आता यावर पैसा घालायचा, का देऊन टाकायचा?" म्हातारी माणसे म्हणतात, ठेवा. पोरे म्हणतात, नवा घ्या. मिस्त्री म्हणतो, खोलून बघू. व्यापारी म्हणतो, आहे तसा द्या, रोख मोजतो. चौघांचेही बोलणे आपापल्या परीने बरोबर असते. पण पैसा जातो तो मालकाच्या खिशातून, आणि मालकाचा खिसा म्हणजे उसाचे बिल.

म्हणूनच हा विषय आम्ही सभासदांपुढे मांडीत आहोत. ट्रॅक्टरचा चुकलेला निर्णय एका दिवसात कळत नाही. तो पुढच्या दोन-तीन वर्षांच्या बिलातून हळूहळू वसूल होत राहतो. आमचे सांगणे थोडक्यात असे : दुरुस्तीचे बिल मोठे की लहान, एवढ्यावर निर्णय करू नये. दुरुस्तीनंतर तो ट्रॅक्टर आपल्याला किती तास काम देणार आणि तेवढे काम आपल्याजवळ आहे का, यावर निर्णय करावा.

आधी नक्की काय बिघडले ते पाहा

बैल घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात बघतो, पाय बघतो, चार पावले चालवून बघतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र "इंजिन गेलं" एवढ्या दोन शब्दांवर पुष्कळ जण लाखाच्या खर्चाला तयार होतात, नाहीतर मातीमोल भावाने देऊन मोकळे होतात. "इंजिन गेलं" म्हणजे काय गेले, हे आधी समजून घेतले पाहिजे.

धूर बघून बरेच कळते. काळा धूर येत असेल तर डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर चोंदला असेल, इंजेक्टर खराब असेल, पंपाचे टायमिंग चुकले असेल, किंवा ट्रॉलीत माल ताकदीबाहेर भरला असेल. यातली बरीचशी कामे इंजिन न खोलता होतात. निळसर धूर येत असेल आणि ऑइल वरचेवर घालावे लागत असेल, तर ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असा त्याचा अर्थ. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ येऊन थांबला तर घाबरण्याचे कारण नाही. पण तो थांबतच नसेल, रेडिएटरचे पाणी कमी होत असेल आणि ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर पाणी आत जाते आहे. मग हेड गॅस्केट, चिरलेले हेड किंवा लायनरखालच्या रबरी रिंगा, यांपैकी काहीतरी गेलेले असते. असा ट्रॅक्टर "गॅरेजपर्यंत तेवढा नेऊ" म्हणून चालवू नये, ओढून न्यावा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालवला तर शे-पाचशेच्या रबरी रिंगांचे काम क्रँकवर जाते.

ऑइलचा दाब हा दुसरा मोठा पुरावा. इंजिन गरम झाल्यावर दाब पडतो आणि खालून ठोका ऐकू येतो, असे असेल तर बेअरिंग आणि क्रँक बघावे लागतात. इथे मिस्त्रीला एक प्रश्न अवश्य विचारावा, "क्रँक आतापर्यंत किती वेळा घासलाय?" क्रँक दहा, वीस, तीस अशा ठरलेल्या मापांनी घासून बारीक करतात आणि त्या मापाचे बेअरिंग बसवतात. शेवटच्या मापापर्यंत गेलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही, तो बदलावाच लागतो. त्यामुळे "मागच्या वेळी एवढ्यात झालं होतं" हा हिशेब या वेळी लागू पडत नाही.

आणि हे सगळे करण्याआधी स्वस्त कारणे तपासून घ्यावीत. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर पाचटाची कुसळे आणि धूळ यांचा थर बसतो. वारा आत जात नाही, इंजिन तापते, आणि आपण हेड खोलायला निघतो. फॅनचा पट्टा ढिला, थर्मोस्टॅट अडकलेला, डिझेल फिल्टर भरलेला, नळीत हवा धरलेली, बॅटरीचे टर्मिनल गंजलेले, अशा किरकोळ कारणांनीही चांगला ट्रॅक्टर "बसतो". लिफ्ट उचलत नसेल तर आधी हायड्रोलिकच्या ऑइलची पातळी आणि जाळी बघावी, मग पंपाकडे वळावे. हजार-दोन हजारांत जे सुटते, त्यासाठी लाखाचा निर्णय करू नये.

खोलण्याआधी भाव विचारून ठेवा

ही गोष्ट फार थोडे लोक करतात, म्हणून तिच्यावर आम्ही विशेष भर देतो. बंद पडलेला पण न खोललेला ट्रॅक्टर आणि खोलून पोत्यात भरलेला ट्रॅक्टर यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घेणाऱ्याला न खोललेल्या यंत्राचा काहीतरी अंदाज करता येतो. नटबोल्ट डब्यात, पिस्टन पोत्यात आणि हेड भिंतीला टेकवलेले, असे यंत्र तो भंगाराच्याच भावाने मागतो. कारण कोणता भाग हरवला आणि कोणता मुळातच निकामी होता, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणून इंजिनला पाना लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव काढावा. एक भाव "आहे तसा" बंद ट्रॅक्टरचा. दुसरा, तसाच ट्रॅक्टर चालू स्थितीत बाजारात कितीला जातो याचा. दुसरा भाव व्यापाऱ्याकडून नव्हे, ज्याने नुकताच तसा ट्रॅक्टर घेतला किंवा विकला अशा शेतकऱ्याकडून काढावा. मिस्त्री म्हणेल, "अण्णा, खोलल्याबिगर काय सांगता येत न्हाय." त्याचे म्हणणे खरे आहे. मग त्याला सांगावे, "खोला, पण हेड उघडल्यावर पुढे हात लावायच्या आधी मला बोलवा." आणि आपल्या मनाशी एक आकडा ठरवून ठेवावा, की एवढ्याच्या वर खर्च गेला तर थांबायचे. हा आकडा गॅरेजमध्ये उभे राहून ठरवू नये, घरी बसून ठरवावा.

गेलेला पैसा हिशेबात धरू नका

"गेल्या वर्षी टायर टाकले, त्याच्या आदल्या वर्षी गिअरबॉक्स केला, एवढा पैसा घातलाय तो असा सोडायचा?" हे बोलणे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. मन तसे म्हणणारच. पण पाटातून वाहून गेलेले पाणी पुन्हा सरीला येत नाही. गेल्या वर्षी घातलेले पैसे आज दुरुस्त केले काय किंवा विकले काय, परत येणार नाहीत. टायर चांगले असतील तर त्याचा फायदा आजच्या विक्रीच्या भावात दिसेलच, तेवढाच तो धरावा.

उलट चूकही होते. वारंवारच्या बिघाडाला कंटाळून "घालवा एकदाचा" म्हणून मालक विकून टाकतो. वास्तविक मोठमोठी कामे झालेली असतात आणि पुढची चार वर्षे तो ट्रॅक्टर बिनघोर चालला असता. नेमका तोच व्यापारी थोडीशी डागडुजी करून, रंग मारून, शेजारच्या तालुक्यात चांगल्या पैशाला विकतो. रागाने केलेली विक्री आणि मायेने केलेली दुरुस्ती, दोन्ही महाग पडतात.

आकडे मांडून पाहू

समजावे म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत.

समजा, ४५ अश्वशक्तीचा १२ वर्षांचा ट्रॅक्टर आहे. इंजिनचे काम निघाले आहे. आहे तसा दिला तर १ लाख २० हजार येतात. तसाच ट्रॅक्टर चालू असता तर २ लाख ६० हजार आले असते. मिस्त्रीचा अंदाज ९५ हजारांचा आहे. खोलल्यावर काही ना काही निघतेच, म्हणून अंदाजाच्या वर पाव हिस्सा धरावा. म्हणजे खर्च १ लाख २० हजारांच्या घरात जाईल. दुरुस्तीने किंमत वाढते १ लाख ४० हजारांनी, खर्च होतो १ लाख २० हजार. इथे दुरुस्ती परवडते, मग पुढे ठेवायचा असो वा विकायचा असो. हाच अंदाज जर १ लाख ४० हजारांचा असता आणि पाव हिस्सा धरून तो पावणेदोन लाखांवर गेला असता, तर केवळ विकण्यासाठी दुरुस्ती करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण ठेवायचा असेल तर एवढ्यावर हिशेब संपत नाही. पुढे तासांचा हिशेब करावा लागतो.

समजा, हा सभासद स्वतःची शेती करून ऊस वाहतुकीचाही करार करतो आणि ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालतो. दुरुस्तीनंतर तो ५ वर्षे वापरायचा आणि मग ८० हजारांना द्यायचा. आजची किंमत १ लाख २० हजार आणि दुरुस्ती १ लाख २० हजार, मिळून २ लाख ४० हजार अडकले. शेवटी ८० हजार परत आले. म्हणजे ५ वर्षांत १ लाख ६० हजार, वर्षाला ३२ हजार. अडकलेल्या पैशाचे व्याज दहा टक्क्यांनी सरासरी १६ हजार, वर्षाची किरकोळ दुरुस्ती ३० हजार, विमा ५ हजार. एकूण ८३ हजार. ५०० तासांनी भागले तर तासाला १६६ रुपये पडले. डिझेल आणि ड्रायव्हर यांत धरलेला नाही.

आता नवा घेतला असता तर? साडेसात लाखांचा ट्रॅक्टर, ५ वर्षांनी ४ लाखांना जाईल असे धरू. घट वर्षाला ७० हजार, व्याज सरासरी ५७ हजार ५००, दुरुस्ती १५ हजार, विमा १० हजार. एकूण १ लाख ५२ हजार ५००. तासाला ३०५ रुपये. म्हणजे जुना दुरुस्त केलेला ट्रॅक्टर नव्याच्या जवळजवळ निम्म्यात काम करतो. पण एका अटीवर : तो हंगामात बंद पडता कामा नये. वाहतुकीच्या दिवसांत पंधरा दिवस उभा राहिला तर हा सगळा फायदा त्या पंधरा दिवसांत जातो.

आता दुसरे घर घ्या. चार-पाच एकर जमीन, वाहतुकीचा करार नाही, ट्रॅक्टर वर्षाला जेमतेम १०० तास चालतो. इथे ५ वर्षांनी १ लाख येतील असे धरले तरी घट २८ हजार, व्याज १७ हजार, विमा ५ हजार, किरकोळ दुरुस्ती १२ हजार, एकूण ६२ हजार. तासाला ६२० रुपये पडले, आणि त्यावर डिझेल, ड्रायव्हर वेगळे. तासाला साडेचार लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तर ते ४०५ रुपये होतात. एकूण हजाराच्या वर गेले. गावात भाड्याचा ट्रॅक्टर डिझेल-ड्रायव्हरसह तासाला ९०० रुपयांनी मिळत असेल, तर आपला ट्रॅक्टर दारात ठेवून आपणच आपल्याला महाग भाडे देत असतो.

याचा अर्थ लहान शेतकऱ्याने ट्रॅक्टर ठेवूच नये असा नाही. नांगरटीच्या आणि सरी सोडण्याच्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही, आणि वाफसा निघून गेला की गेला, हे आम्हीही जाणतो. पण त्या सोयीची किंमत किती हे माहीत असावे. दोघा-तिघा भावकीतल्या किंवा बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकच चांगला ट्रॅक्टर ठेवला तर तास वाढतात आणि खर्च उतरतो. सहकाराने कारखाना उभा राहू शकतो, तर एक ट्रॅक्टर का नाही? फक्त डिझेल, दुरुस्ती आणि पाळी यांचे नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहावेत.

बाजारात बदललेल्या दोन गोष्टी

पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि ट्रॅक्टरचे टायर व अनेक सुटे भाग यांवरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीची कोटेशने, नव्याची असोत वा सुट्या भागांची, आता निर्णयाला उपयोगी नाहीत. दोन्ही ताजी घ्यावीत.

दुसरी गोष्ट यंत्राची. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा नव्या ट्रॅक्टरांत बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीची इंधनयंत्रणा आली. ती गावच्या गॅरेजात पाना-हातोडीवर दुरुस्त होत नाही. जुन्या साध्या पंपाचा ट्रॅक्टर आपला मिस्त्री झाडाखाली उभा करून चालू करतो, ही त्याची मोठीच जमेची बाजू आहे. मात्र सुटे भाग मिळत असतील तरच. एच.एम.टी.चा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. उत्पादन थांबलेल्या कोणत्याही बनावटीच्या ट्रॅक्टरचे मोठे काम काढण्याआधी क्रँक, हेड, क्राऊन-पिनियन असे भाग कोठे आणि कितीला मिळतात याची चौकशी करावी. ट्रॅक्टर खोलून ठेवायचा आणि मग भाग शोधत हिंडायचे, असे करू नये.

ऐन हंगामात बंद पडला तर

डिसेंबर-जानेवारीत, टोळी फडात असताना ट्रॅक्टर बंद पडला तर माणसाचे डोके चालत नाही. मुकादमाला उचल दिलेली, कारखान्याशी करार झालेला, तोडलेला ऊस फडात पडलेला. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात पडेल तितके वजन घटते आणि उताराही घटतो. म्हणजे नुकसान ऊस-मालकाचेही आणि कारखान्याचेही. अशा वेळी नेमका व्यापारी दारात येतो.

आमचे आग्रहाचे सांगणे आहे की त्या दिवशी विक्रीचा निर्णय करू नये. आधी ऊस हलवावा. आपल्या गटाच्या शेती मदतनिसाला त्याच दिवशी कळवावे म्हणजे दुसऱ्या वाहनाची जुळणी करता येते. ट्रॉल्या चांगल्या असतील तर पुढे लावायला ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा. भाड्यात नफा जाईल, पण करार आणि टोळी सांभाळली जाईल. आपल्या ट्रॅक्टरचे काम पंधरा दिवसांत होण्यासारखे असेल तर लगेच करावे. मोठे असेल तर न खोलता झाकून ठेवावा आणि हंगाम उलगडल्यावर शांतपणे बघावे. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला पुढच्या हंगामाची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा गिऱ्हाईक मिळते. हंगामाच्या मध्यावर नडलेल्या माणसाचा ट्रॅक्टर कोणी भावाने घेत नाही.

दुरुस्ती ठरली तर

अंदाज कागदावर घ्यावा : कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, मजुरी किती, लेथचे काम किती. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. त्याने शंका राहत नाही आणि मिस्त्रीलाही वाईट वाटायचे कारण नाही. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत : भाग आणताना, इंजिन बसवताना, आणि ट्रॉली जोडून दोन-चार दिवस चालवून बघितल्यावर. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांत स्वस्ताचा मोह धरू नये, कारण तेवढ्यासाठी पुन्हा तीच मजुरी द्यावी लागते. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, त्यांतले एकच बदलू नये. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडलाच असेल तर रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावेत. नवे इंजिन पहिले काही दिवस हलक्या कामावर चालवावे, आणि पहिले ऑइल मिस्त्री सांगेल त्या तासांना न चुकता बदलावे.

आणि ज्या कारणाने इंजिन गेले ते कारण काढून टाकावे. चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून नवे गॅस्केट टाकले, किंवा ताकदीबाहेर ट्रॉल्या भरण्याची सवय तशीच ठेवून नवा क्लच टाकला, तर ते काम पुन्हा निघणारच.

विक्री ठरली तर कागद आधी

इथे मात्र आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. "कागद सावकाश करू, पाटील, घाई काय आहे?" असे म्हणून ट्रॅक्टर नेणारे पुष्कळ असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. आर.सी. बुकावर आपले नाव राहिले तर ट्रॅक्टर कोठेही असो, कायद्याच्या नजरेत मालक आपणच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाची होती. अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्या नोंद असलेल्या मालकावर आली. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात किती मोठा असतो हे आपल्याला सांगायला नको. विकून आलेल्या दीड लाखापायी रान विकायची वेळ येऊ नये.

तेव्हा नमुना २९ आणि ३० वर सह्या करूनच ट्रॅक्टर द्यावा, कोऱ्या कागदावर सही करू नये. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागदही वेगळे करावेत. दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत जाणार असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर ते भागवून, नमुना ३५ वर आर.सी. बुकावरचा बोजा उतरवावा. जमीन तारण असेल तर सात-बाराच्या इतर हक्कांतली नोंदही कमी करून घ्यावी. कर्ज फिटले म्हणजे नोंद आपोआप जाते, असे समजू नये.

कित्येक घरांत ट्रॅक्टर अजून वडिलांच्या नावावर असतो आणि वडील जाऊन पाच-सात वर्षे झालेली असतात. अशा वेळी आधी नमुना ३१ प्रमाणे वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो. खरे तर मालक वारल्यावर ३० दिवसांत कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत नाव बदलायला अर्ज करायचा असतो. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ती संपलेली असेल तर घेणारा तेवढा भाव पाडतोच. आणि भंगारात द्यायचा असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करावी, नाहीतर आपल्या नंबराची पाटी दुसऱ्याच ट्रॅक्टरवर फिरताना दिसेल.

घरात बसून ठरवा

ट्रॅक्टर हा नुसता लोखंडाचा नसतो. तो दारात आला त्या दिवशी घराने पेढे वाटलेले असतात, दर दसऱ्याला त्याला हार घातलेला असतो, मुलीच्या-मुलाच्या सोयरिकीत त्याची गोष्ट निघालेली असते. पुष्कळ घरांत तो घेताना घरच्या लक्ष्मीचे दागिने तारण पडलेले असतात. म्हणून दुरुस्तीचा पैसा कोठून आणायचा हे ठरवताना ती माणसेही बैठकीत असावीत. पुन्हा दागिने ठेवून दुरुस्ती करायची असेल, तर ते कोणत्या बिलातून आणि कधी सुटणार, हे त्यांच्यासमोरच सांगावे. खाजगी सावकाराच्या व्याजाने पैसा आणून जुन्या यंत्रात घालू नये. महिन्याचे व्याज भरताना वरचा १६६ रुपयांचा हिशेब कोठल्या कोठे जातो.

एक कागद घ्यावा आणि त्यावर सहा गोष्टी लिहाव्यात. नक्की काय बिघडले. आहे तसा काय भाव येतो. चालू असता तर काय आला असता. पाव हिस्सा धरून दुरुस्ती कितीची. पुढे वर्षाला किती तास काम आहे. आणि पैसा कोठून येणार. या सहा ओळी भरल्या की बहुतेक घरांना उत्तर त्या कागदावरच दिसेल. काम भरपूर, भाग मिळणारे, क्रँक घासण्यासारखा आणि पैसा स्वतःचा असेल, तर दुरुस्त करावा आणि मनात किंतू ठेवू नये. तास थोडे आणि पैसा उसना असेल, तर कागद नीट करून विकावा आणि त्याचीही लाज धरू नये. दारातला ट्रॅक्टर गेला म्हणून शेती जात नाही. ट्रॅक्टरपायी शेतीवर बोजा चढला तर मात्र ती सोडवायला वर्षे लागतात.

पावसाळ्याचे दोन-तीन महिने यासाठी हातात असतात. पुढच्या हंगामाचे वाहतूक करार होण्याआधी हा कागद प्रत्येक ट्रॅक्टरधारक सभासदाने भरून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.